उजवीकडची खिडकी

आधी माफी मागतो. माणसांवर लिहिणं हे माझं काम नाही. मी इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. शाळेतले निबंध आणि लॅबचे रिपोर्ट सोडले तर माझ्या हातून काही लिहून झालेलं नाही. त्यात ज्यांच्याविषयी लिहायचं ते माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठे, आणि मी राहतो त्यांच्याच घरातल्या मागच्या खोलीत. तरी लिहितोय, कारण एक गोष्ट मला अगदी खात्रीने माहीत आहे आणि ती मी सांगितली नाही तर दुसरं कुणी सांगेल असं वाटत नाही. व्हेनिस कधीही न पाहिलेल्या जगातल्या सगळ्या माणसांमध्ये व्हेनिसची सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस सिंगापूरला, बिशानमध्ये, आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, दहाव्या मजल्यावर राहतो. मी त्यांना काका म्हणतो.

काका मूळचे ठाण्याचे. क्वीन्सटाउनच्या बाजूला कुठल्याशा कंपनीत मॅनेजर आहेत, पण ऑफिसबद्दल ते घरी अवाक्षर काढत नाहीत. काढतात ते व्हेनिसबद्दल. तिथल्या घंटेच्या मनोऱ्याबद्दल, जो एका सकाळी धूळ उडवत जागच्या जागी खाली बसला आणि लोकांनी जसाच्या तसा परत उभा केला. चर्चच्या दर्शनी भागावरच्या घोड्यांबद्दल, जे बाहेर दिसतात ते नकली आणि खरे आत जपून ठेवलेले. हे सगळं ते अशा आपलेपणाने सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, कालच कुणा नातेवाइकाच्या घराची डागडुजी बघून आलेत. हे वेड कुठून आलं ते कुणालाच ठाऊक नाही. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा ते आधीपासूनच घरात होतं. मला वाटलं, असेल एखादा लांबचा दीर."

मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभा राहिलो तो आयुष्यातला माझा पहिला विमानप्रवास संपवून. हातात बॅग, पाय सुजलेले, कुणाला काय म्हणायचं ते कळत नव्हतं. पाणी बिणी नंतर, काकांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणत्या बाजूला बसला होतास?"

"मधे," मी म्हणालो.

"उतरताना काय दिसलं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "पुढच्या सीटची पाठ."

काकांचा चेहरा खरोखर पडला. "अरेरे," ते म्हणाले, "म्हणजे तू अजून सिंगापूरला आलाच नाहीस."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि ते मला घेऊन थेट चांगी विमानतळाच्या बाजूला समुद्रकाठी गेले. तिथे डोक्यावरून विमानं उतरत होती आणि समोर पाण्यात जहाजं आपापला नंबर लागायची वाट बघत उभी होती. काकांनी मला पाण्याकडे तोंड करून उभं केलं, खांद्यांना धरून हळूच शहराच्या दिशेने वळवलं आणि म्हणाले, "हं. आता आलास." त्यांचं म्हणणं असं, की शहरात आपण कसे शिरतो यावर ते शहर पुढे आपल्याशी कसं वागणार हे ठरतं. मला हे पटलं की नाही ते सांगता येणार नाही, पण त्या दिवसानंतर मला इथे परकं वाटायचं जरा कमी झालं, हे मात्र खरं.

व्हेनिसला शिरायचं ते विमानानेच आणि बसायचं ते उजवीकडच्या खिडकीत, हा काकांचा सगळ्यात मोठा सिद्धांत. विमान उतरायला लागलं की उजवीकडे अख्खं शहर खाली येतं, पाण्यात पहुडलेल्या माशासारखं. हे नीट समजावं म्हणून एकदा त्यांनी स्वयंपाकघरातला खरा मासाच ताब्यात घेतला. काकूंनी बाजारातून पापलेट आणून पाटावर ठेवलं होतं. काका सुरीचं टोक त्याच्या अंगावरून फिरवत मला दाखवू लागले. हे डोकं, इथे रेल्वे स्टेशन. हा असा वळत वळत जाणारा मोठा कालवा. हे पोट, इथे तो प्रसिद्ध चौक. शेपटीकडे फारसं कुणी जात नाही, पण आपण जायचं. मी वाकून बघत होतो. मलाही त्या माशात हळूहळू गल्ल्या दिसायला लागल्या होत्या. शेवटी काकू म्हणाल्या, "झालं असेल तर तुमचं व्हेनिस कापू का? तेल तापून धूर यायला लागलाय."

संध्याकाळी फिरायला जायचं तेही व्हेनिसमध्येच. आमच्या ब्लॉकसमोर रस्ता ओलांडायचा छपराचा पूल आहे, त्याला घरात सगळे व्हेनिसच्या प्रसिद्ध पुलाच्या नावाने रिआल्तोच म्हणतात. "रिआल्तोपलीकडच्या दुकानातून कोथिंबीर आण," असं काकूसुद्धा सहज म्हणून जातात. व्हेनिसमध्ये पावलोपावली पायऱ्यांचे पूल, म्हणून काकांनी घरातल्या सर्वांना पुलाच्या लिफ्टची बंदी केलेली. काकू गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या चढतात आणि वर पोचल्यावर म्हणतात, "आलं तुमचं इटली." पार्कमधून नदी वाहते, तिथे पाणमांजरांचं एक कुटुंब असतं. ती रांगेने पाणी कापत निघाली की काका थांबतात, कमरेवर हात ठेवतात आणि कौतुकाने म्हणतात, "बघ, ना हॉर्न, ना सिग्नल. तिथे सगळा कारभार असाच."

समुद्राला भरती आली की व्हेनिसच्या चौकात पाणी शिरतं आणि लोक फळ्यांच्या उंच वाटांवरून चालतात. याचीही तयारी हवी, असं काकांना वाटलं. एका दुपारी जोराचा पाऊस झाला आणि ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, ज्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात, पाणी आलं. तिथे आदल्या दिवशीच्या लग्नाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या होत्या. काकांनी त्या एकापुढे एक मांडल्या, पँट दुमडली, चपला हातात घेतल्या आणि चालायला लागले. मागून मी. पाऊस थांबला, पाणी ओसरलं, पण आमचा सराव संपेना. तिसऱ्या मजल्यावरच्या चिनी आंटी भाजी घेऊन आल्या, बघतच राहिल्या, आणि इथल्या 'लाह', 'मेह' जोडायच्या इंग्रजीत म्हणाल्या,

"अंकल, वॉटर गॉन ऑलरेडी लाह! व्हाय यू स्टिल वॉक ऑन चेअर?"

"प्रॅक्टिस, आंटी. फॉर व्हेनिस."

आंटींनी जरा विचार केला. "व्हेनिस गॉट नो फ्लोअर, मेह?"

काकांनी खुर्चीवर उभं राहूनच त्यांना सगळं समजावून सांगितलं. आंटींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटल्या की त्या मला हळूच विचारायच्या, "अंकल गो ऑलरेडी?" आणि मी मान हलवायचो, नाही, अजून नाही.

कारण काका जातच नव्हते. एका वर्षी उन्हाळा फार, एका वर्षी ऑफिसात नवीन सिस्टिम सुरू व्हायची, एका वर्षी म्हणे मनोऱ्याची दुरुस्ती चालू आहे, परांच्यांआड लपलेला मनोरा बघायला कशाला जायचं? मला प्रश्न पडायचा, एवढी आवड असलेला माणूस पाऊल का उचलत नाही? मी एकदा धीर करून विचारलं. काका म्हणाले, "पहिल्यांदा बघणं एकदाच होतं रे. ते घाईत वाया गेलं तर परत मिळत नाही."

खरं उत्तर कदाचित तेच असेल. पण त्या घरात वाट बघणारं आणखी एक माणूस होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. एका सकाळी मी काकूंना मेथी निवडायला मदत करत होतो. मी म्हणालो, "काकू, तुम्हाला नाही का जावंसं वाटत व्हेनिसला?"

"वाटतं की. पण मला ते बघायचंय, ऐकायचं नाही." त्यांनी एक काडी मोडली. "मी साताऱ्याची. लग्न होईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. यांनी अलिबागला नेलं. शेवटचं वळण यायच्या आधी म्हणाले, आता झाडांच्या मधून एक निळी रेघ दिसेल बघ. आणि दिसली. रेघच दिसली. समुद्र नाही दिसला." मग हसून म्हणाल्या, "माणूस वाईट नाही रे. मला दाखवायच्या आनंदातच बोलतात. पण एकदा, एकदाच, काहीतरी मला आधी दिसू दे. मग सांगू देत काय सांगायचं ते."

काकूंना व्हेनिसबद्दलचे प्रश्नही वेगळेच पडायचे. पाण्यातून भाजी कशी येते? कचरा कोण नेतं? गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या बायका त्या पुलांवरून कशा जातात? काकांना मनोऱ्याचा सगळा इतिहास पाठ होता, पण भाजी कशी येते ते त्यांना माहीत नव्हतं. "ते तिथे गेल्यावर बघू," असं ते म्हणायचे आणि विषय परत घोड्यांवर यायचा.

यंदा काकूंचा गुडघा जास्तच धरायला लागला. डॉक्टर ऑपरेशनचं बोलले. त्या संध्याकाळी काकू रिआल्तोच्या पायऱ्यांवर मधेच बसल्या. काका खालच्या पायरीवर उभे. काही न बोलता. मला वाटतं, मी त्यांना गप्प उभं राहिलेलं तेव्हा प्रथमच पाहिलं. उठताना काकू म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी मी व्हेनिसला जाऊन येणार आहे. तुम्ही येताय का?" आणि दुसऱ्या दिवशी जाऊन एका ट्रॅव्हल एजंटकडून तिकिटं काढून आल्या. काकांनी जाहीर निषेध केला. हवामान बघितलं नाही, भरतीच्या वेळा बघितल्या नाहीत! पण निषेध करता करता त्यांनी बॅगही भरायला घेतली.

निघायच्या दिवशी घरात मोठं असं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून दोघांच्या हातावर दही मीच घातलं. लहानाने मोठ्यांना दही द्यायचं, मला फार अवघडल्यासारखं झालं. काकूंनी मात्र निमूट हात पुढे केला आणि "येतो रे" म्हणाल्या. चांगीपर्यंत मी बरोबर गेलो. आणि तिथे, काउंटरवर, तो घोटाळा निघाला. पहिल्या विमानात दोघांच्या जागा शेजारी होत्या, पण मधे विमान बदलून पुढे व्हेनिसला जायचं होतं आणि त्या विमानात एजंटने जागा सांगूनच ठेवल्या नव्हत्या. उरलेल्या दोन मिळाल्या. एक उजवीकडची खिडकी, दुसरी पार मागे, डावीकडची.

काकांनी काउंटरवरच्या मुलीला माशासकट सगळं समजावून सांगितलं. ती गोड हसली आणि सॉरी म्हणाली. मग ते काकूंकडे वळले. "तू उजवीकडे बस. मी मागे बसतो. फक्त एक कर, पंखाच्या पुढे लक्ष ठेव. आधी पाणी दिसेल, मग एक लांब पूल, मग..."

"नको," काकू म्हणाल्या. "उजवीकडे तुम्हीच बसा. इतकी वर्षं ती खिडकी तुम्ही सांभाळलीत. मी बसते मागे, झोप काढते."

"अगं, पण तुला काही दिसणार नाही!"

"नाही दिसलं तर तुम्ही आहातच की सांगायला."

काका तरी तिकीट त्यांच्या हातात कोंबायला बघत होते. शेवटी काकूंनी त्यांची मूठ बंद केली आणि वर एक थोपटलं. मी कडेला उभा राहून बघत होतो. मनात म्हणालो, म्हणजे याही वेळी काकूंना रेघच मिळणार. काका त्यांना विमानातून उतरल्यापासून सांगायला लागतील, ते परत येईपर्यंत. मला काकांचा राग येत नव्हता, येऊच शकत नव्हता. त्या दिवशी त्यांचा चेहरा पहिल्यांदा शाळेत निघालेल्या मुलासारखा दिसत होता. पण काकूंसाठी वाईट वाटत राहिलं.

दोघं गेल्यावर घर विचित्र वाटायला लागलं. ते उतरले असतील ती वेळ होऊन गेली तरी फोनवर काही नाही. मला वाटलं होतं, एव्हाना माशाचे फोटो येऊन पडतील, मागोमाग मनोरा, घोडे, प्रत्येकाखाली काकांचं निवेदन. मी अभ्यासाला बसलो आणि दर थोड्या वेळाने फोन उलटा करून बघत राहिलो. दुसरा दिवसही तसाच गेला. संध्याकाळी लिफ्टमध्ये आंटी भेटल्या.

"अंकल गो ऑलरेडी?"

"येस, आंटी."

"सो हाऊ? गॉट फ्लोअर ऑर नॉट?"

"डोन्ट नो येट, आंटी," मी म्हणालो. मी कोथिंबीर आणायला म्हणून बाहेर पडलो. पुलावर पायऱ्यांनीच चढलो, सवयीने, आणि मधोमध पोचलो तेव्हा फोन वाजला. काकांचा मेसेज होता. एवढा छोटा मेसेज त्यांनी आजवर मला कधी पाठवला नव्हता.

"वारा फिरला होता. विमान उलट्या बाजूने उतरलं. माझ्या खिडकीत शेतं आणि गोदामं. शहर सगळं डावीकडून गेलं. म्हणजे माझ्या नियमाने मी अजून आलेलोच नाही. काकू आली आहे. कालपासून ती सांगते आहे, मी ऐकतो आहे."

खाली काकूंनी काढलेला एक फोटो होता. अरुंद कालवा, त्यात काठाला बांधलेली एक होडी, होडीत फ्लॉवर आणि टोमॅटोचे क्रेट. भाजी अशी येते तर. होडीशेजारी काका उभे आहेत. ते ना भाजीकडे बघतायत, ना मागच्या पुलाकडे. ते फोटो काढणाऱ्या माणसाकडे बघतायत, आणि त्यांचं तोंड बंद आहे.