उतरायला सांगणारा कॅप्टन

उत्तरेच्या बर्फात पोस्टिंग झाली तेव्हा मी स्क्वाड्रन लीडर होतो, पण कॅप्टन नव्हतो. त्या उंचीवरच्या हेलिपॅडांसाठी जो आधी तयार झाला तो कॅप्टन, रँक काहीही असो. माझा कॅप्टन होता फ्लाइट लेफ्टनंट राठी. वयाने बराच लहान, मेसमध्ये मी आलो की उठून उभा राहायचा. रोटर सुरू झाला की मात्र मी त्याचा को-पायलट. सकाळी रॉकेल, भाजी, टपाल वर न्यायचं आणि दुपारचा वारा सुटण्याआधी परतायचं, हे आमचं रुटीन.

एके सकाळी वरच्या चौकीवरून रेडिओवर निरोप आला. एका जवानाच्या फुप्फुसांत पाणी झालं होतं, त्याला ताबडतोब खाली आणायचं होतं. पोहोचलो तर दोघे आडवे. दुसऱ्याला नुकतीच धाप लागलेली, ओठ निळे. आमचं छोटं हेलिकॉप्टर तिथून आम्हा दोघांसह एकच रुग्ण उचलू शकत होतं. खालून ढग चढत होते. दुसरी फेरी होईल याची खात्री नव्हती.

चौकीचा मेजर म्हणाला, "दोनों को ले जाइए. शाम तक नहीं बचेंगे."

राठीने इंधनाचा काटा पाहिला, ढग पाहिले. मग मला म्हणाला, "आप उतरिए."

"इस मौसम में अकेले?"

"कॅप्टन मैं हूँ, सर. उतरिए."

नाकाला मिरच्या झोंबल्या. लहान तोंडी मोठा घास, असंच वाटलं. पण उतरलो. दोघांना मागे घेतलं आणि तो ढगांच्या फटीतून खाली गेला. त्यानंतर रेडिओजवळ बसून मी जितका घाबरलो तितका उडताना कधी घाबरलो नाही.

अखेर आवाज आला. "दोनों पहुँच गए. रास्ता बंद है. आज आपको लेने नहीं आऊँगा."

"रॉजर," मी म्हणालो. सीनियर वर अडकलाय म्हणून तो हट्टाने ढगात घुसला नाही. माझा उरलासुरला राग तिथेच गेला. दोन्ही जवान वाचले.

निवृत्त होऊन उज्जैनला आलो. काही वर्षं एका विमान कंपनीच्या निवड समितीवर होतो. टावर चौकात दूध घ्यायला गेलं तरी कुणीतरी गाठतंच. परवा शेजारचे खांडेकर म्हणाले, "काका, पोराचे फ्लाइंग अवर्स पूर्ण आहेत. सिम्युलेटरची टेस्ट पण निघून गेली. बस, एकदा बोलून द्या ना."

"मी सोडलं ते काम," म्हटलं.

"अहो, पण ओळख तर आहे!"

तास मोजता येतात, म्हणून सगळे तास मोजतात. वेळ आली तर हा मुलगा वरिष्ठाला नाही म्हणेल का, आणि स्वतःलाही म्हणेल का, हे विचारा, असं समितीत सांगून सांगून थकलो. सगळे मान डोलवायचे आणि पुढच्या उमेदवाराला बोलवायचे.

त्या दोघांना वाचवलं, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात राठी एका आजारी जवानाला घेऊन निघाला आणि खाली पोहोचलाच नाही. जवानही गेला, को-पायलटही गेला. मी तेव्हा रजेवर होतो. आमच्या समितीच्या अटी लावल्या, तर राठीचे तास कमी भरतात. त्याला आम्ही मुलाखतीलाही बोलावलं नसतं.