भुरीचं घर करमाडला होतं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, आणि ज्यांच्यासोबत दहा वर्षं रस्त्यावरची जखमी कुत्री उचलली त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर ऐकाच.

मागच्या महिन्यात भुरी गेली. माझी कुत्री. किडन्या निकामी झाल्या होत्या. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले आणि मेधानं लिहिलं, "निदान तिला शेवटपर्यंत योग्य घर मिळालं." मेधा जनावरांची डॉक्टर, आमच्या पाचजणांच्या ग्रुपचं सगळं तीच बघते. मनानं लई चांगली. पण ते वाचलं आणि मला राग आला. कोणाचा? माझाच. आणि खोटं कशाला बोलू — थोडा त्यांचाही.

मी गारखेड्यात राहते, एकटी. ब्लाऊज शिवते. दोन खोल्या, पुढच्या खोलीत मशीन आणि कापड कापायचं टेबल. भुरी आम्हाला चितेगावला एका कारखान्याच्या गेटजवळ सापडली होती. कोणीतरी अंगावर उकळतं पाणी टाकलेलं. पाठीवर तळहाताएवढी जागा कायमची बिनकेसांची राहिली. कुत्रं बरं होईस्तोवर कोणीतरी सांभाळायचं आणि मग त्याला कायमचं घर शोधायचं, ही आमची पद्धत. भुरी माझ्या वाट्याला आली. आली ती थेट टेबलाखाली शिरली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

चार महिने तशीच. मी खोलीतून बाहेर गेल्याशिवाय जेवायची नाही. मशीनच्या आवाजानं थरथरायची, म्हणून मशीनखाली गोधडीची घडी घातली. उकडलेलं अंडं हातात धरून पुढं केलं तर डोळे मिटून घ्यायची — जसं काही ते पाणी मीच टाकलं होतं. गिऱ्हाईक बायकांना मात्र मी कौतुकानं सांगायचे, हिचा फक्त माझ्यावर विश्वास आहे. कुठं होता?

मग सलीमभाई आले. करमाडला, जालना रोडला लागून त्यांची रोपांची नर्सरी. त्यांचं म्हातारं कुत्रं वारलं होतं, आणि कोणाच्या तरी मोबाइलवर त्यांनी भुरीचा फोटो बघितला होता. पहिल्या रविवारी आले आणि दाराजवळ फरशीवर बसले, भुरीकडं पाठ करून. हाक मारली नाही, चुचकारलं नाही. तासभर माझ्याशी मोगऱ्याबद्दल बोलले आणि गेले. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी सोबत त्यांच्या बायको आल्या, नसरीनभाभी. मी आतून चहा घेऊन आले तर भुरी टेबलाखालून बाहेर आलेली. सलीमभाईंच्या मांडीवर तिनं हनुवटी टेकवली होती. त्यांनी हातसुद्धा हलवला नव्हता. भाभी पदरानं डोळे पुसत होत्या.

आणि मी? मी कप घेऊन उभी होते, आणि मला आनंद झाला नाही.

घर बघून यायचं काम माझंच होतं. गेले करमाडला. तुम्हाला म्हणून सांगते, मी खोट काढायलाच गेले होते. कंपाऊंड धड होतं. फाटकाची कडी घट्ट होती. विहिरीवर जाळी होती. लिंबाखाली त्यांनी भुरीसाठी जुन्या दाराच्या फळ्यांचं खोपटं केलं होतं, पाणी शिरू नये म्हणून विटांवर उचललेलं, आत पोतं अंथरलेलं. भाभी म्हणाल्या, नमाजच्या खोलीत तेवढं तिला येऊ देणार नाही, बाकी सारं अंगण तिचंच. मी तिथं पोहे खाल्ले. मीच हो, हो म्हणाले. पुढच्या रविवारी घेऊन जा म्हणाले.

परत येताना बसमध्ये बसल्या बसल्या मी ग्रुपवर लिहिलं — करमाडचं जमत नाही, त्यांच्यात कुत्रं चालत नाही, घरच्यांनी नाही म्हटलं.

दोन मिनिटांत उत्तर आलं. "वाटलंच होतं." दुसऱ्यानं लिहिलं, बरं झालं आधीच कळलं. कोण नाही म्हणालं, का म्हणालं, एकानंही विचारलं नाही. आणि कोणी विचारणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून तर तेच खोटं निवडलं. कंपाऊंड पडलेलं आहे म्हटलं असतं तर हेच लोक दुसऱ्या दिवशी बघायला गेले असते.

मग सलीमभाईंना फोन केला. म्हटलं, ग्रुपनं नाही म्हटलंय.

"ताई, एक विचारू? आमचं नाव आडवं आलं का?"

एक "नाही" पुरलं असतं. मी म्हणाले, "मी काय बोलू, भाई. सगळेच लोक सारखे नसतात."

"समजलं," ते म्हणाले. आणि फोन ठेवण्याआधी म्हणाले, "तिच्या समोर उभ्या राहू नका, घाबरते ती. बाजूला, पाठ करून बसत जा."

त्यांच्याबद्दल ग्रुपला एक खोटं, ग्रुपबद्दल त्यांना दुसरं. दोन्हीकडं खपलं. एका कुत्र्यासाठी मी हे केलं असं म्हणायचं का? पण कुत्र्यासाठी तरी कुठं केलं?

आणि ते तिथं थांबलं नाही. पुढच्या वर्षी एका शिक्षिकेचा फोन आला, दोन पिल्लं पाहिजे होती. बाईंचं नाव ऐकलं आणि आमच्यातलं कोणीतरी म्हणालं, करमाडचं आठवतं ना? मी तिथंच होते, मेधाच्या दवाखान्यात, एका कुत्र्याचा पाय धरून. पाय धरून राहिले. बाईंना "नाही" असं कळवलं गेलं. ती पिल्लं पुढं दीड महिना पिंजऱ्यात होती. मग पुन्हा एकदा तसंच झालं. तेव्हाही मी गप्प.

भुरी माझ्याकडं पाच वर्षं राहिली. सलीमभाईंनी सांगितलं तसं मी पाठ करून बसायला लागले — त्यांचाच उपाय, निर्लज्जपणे. शेवटी शेवटी ती डोळे मिटायची बंद झाली. तेवढंच. दर दिवाळीला फटाके संपेस्तोवर टेबलाखाली उपाशी. माझ्या मांडीवर तिनं कधी हनुवटी टेकवली नाही.

आता कोणी म्हणेल, एकटी बाई, जीव लागला असेल. लागू द्या ना जीव — जीव लागलेलं माणूस त्या जिवाला फाटक उघडून देतं. तिनं जे मला दिलं नाही ते दुसऱ्याला तीन रविवारांत दिलं, ते मला बघवलं नाही. हेवा होता. त्याला दुसरं नाव देऊ नका, आणि माझी कीव तर करूच नका. "वाटलंच होतं" लिहिणाऱ्यांनी आपलं आपण बघावं; त्यांच्या मनातलं मी पेरलं नव्हतं. पण मी त्यावर विसंबले, आणि पाच वर्षं त्याला पाणी घातलं.

हे सगळं जसंच्या तसं आज ग्रुपवर टाकणार आहे. त्यातल्या काहींनी माझ्याशी बोलणं सोडलं तर सोडू द्या. उद्या रविवार. करमाडला जाऊन फाटकाशी उभी राहीन आणि सलीमभाईंना सांगेन की त्यांचं नाव आडवं आलं नव्हतं, मी आले होते. मग ते जे बोलतील ते ऐकेन, आणि मिळेल त्या बसनं परत येईन.