वस्तऱ्याच्या पाठीला टेप

बाबा अजून वस्तऱ्यानंच दाढी करतात. परवा ते दगडावर धार लावत होते, तेव्हा पाहिलं, पात्याची मागची जाड पाठही घासून चपटी झालीय. आज मी टेप आणली.

"पाठीला चिकटवू? ती तरी झिजणार नाही."

"नको. धार झिजत गेली आणि पाठ तशीच जाड राहिली, तर दोघींचा मेळ बिघडतो. मग धार नीट लागत नाही. झिजायचं तर दोघींनी बरोबर."

आतून आई खोकली. वर्षभर अंथरुणावर आहे, मूठभर उरलीय. बाबा पाणी द्यायला उठले. आई हल्ली अर्धीच भाकरी खाते. धडधाकट बाबाही अर्धीवरच का उठतात, ते मला आत्ता कळलं. माझ्या हातात नुसती टेप होती.