डिंकाच्या लाडवांचा डबा

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा घानाचा मुलगा पुढे अमेरिकेतल्या मोठ्या संघात अमेरिकन फुटबॉल खेळला, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी थापा मारतेय. त्याच्या अंगावरचे दोन-चार किलो माझ्या आईच्या हातचे होते, हे तर मी कुणाला सांगतच नाही.

जर्मनीत, कोलोनमधला तो हिवाळा मला अजून नकोसा वाटतो. सातव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं होतं. नवरा इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात कामाला. शुक्रवारी रात्री यायचा, रविवारी दुपारी निघायचा. ऑफिसने मला रजा दिली होती, पण तिचं करायचं काय ते कुणी सांगितलं नव्हतं. आणि फ्रिजवर स्टीलचा डबा होता. कुणी ओळखीचं इकडे येत होतं म्हणून आईने बाळंतपणाचे डिंकाचे लाडू आधीच करून पाठवले होते. ते पोचले आणि पुढच्याच आठवड्यात सगळं संपलं. आई फोनवर रडायची, "आधीच करायला नको होते गं मी. टाकून दे ते." आईच्या हातचं टाकवत नव्हतं, आणि खायचे तरी कुठल्या तोंडाने? नवरा डब्याकडे न बघता फ्रिज उघडायचा. त्याबद्दल आम्ही बोलत नसू. तसे कशाबद्दलच बोलत नसू.

अशाच एका रविवारी, नवरा गाडीला गेल्यावर, डोक्यावर धाडधाड सुरू झालं. रविवारी जर्मनीत खिळासुद्धा ठोकायचा नसतो! मी तणतणत वर गेले. दार भरून एक तरुण उभा, घामाने निथळत.

"एन्टशुल्डिगुंग, फ्राउ नाखबारिन," तो म्हणाला. माफ करा, शेजारीणबाई.

तो उड्या मारत होता. लहानपणी आईबरोबर इथे आला, इथल्या हौशी क्लबात हा खेळ शिकला, आणि आता वसंतात व्यावसायिक संघाची निवडचाचणी होती. "ट्रेनर म्हणतात, वेग आहे, वजन नाही. समोरचा मला उचलून फेकेल. आठ किलो वाढलास तरच ये." मग त्याने आपला खुराक दाखवला: अळणी पास्ता आणि बादलीभर क्वार्क, म्हणजे आपल्या चक्क्याचाच आंबट भाऊ.

"याने शेळीसुद्धा अंग धरणार नाही," मी चक्क मराठीत म्हणाले. खाली आले, डबा घेतला आणि परत वर गेले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक त्या डब्याचा मला राग आला होता.

त्याने एक लाडू खाल्ला, डोळे मिटले आणि विचारलं, "हे कशासाठी असतं?"

"ताकदीसाठी," मी म्हटलं. तेवढंच.

मग सराव संपला की तो माझ्याकडे यायचा आणि दुधाबरोबर लाडू खायचा. उष्ण असतात, एकच खा, असं बजावलं होतं. एकदा मी फोनवर असताना पठ्ठ्याने पाच-सहा हाणले, आणि दुसऱ्या दिवशी मैदानात त्याचा घोळणा फुटला. डॉक्टर म्हणाले, हीटरची कोरडी हवा. डॉक्टरांना काय कळतंय! मी त्याला धण्या-जिऱ्याचं पाणी पाजलं. त्याचं तोंड बघून मी खळखळून हसले, आणि मग हसल्याची रात्रभर लाज वाटली.

लाडू संपत आले तसा मी तूपभात सुरू केला. सोमवार ते शुक्रवार माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. तो आला नाही की ताट झाकून मी नुसतीच बसून राहायची. शेवटचा लाडू त्याने आईला चाखवायला म्हणून डब्यासकट वर नेला.

वसंतात त्याची निवड झाली. सरावशिबिर थेट अमेरिकेत. तो सांगायला आला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, दार लावलं आणि ढसाढसा रडले. मला आनंद झाला होता, आणि तो जायला नको होता. तो गेला. वर आता कुणी उड्या मारत नव्हतं.

दोन दिवसांनी बेल वाजली. दारात त्याची आई. ती इस्पितळात सफाईचं काम करायची. जिन्यात नमस्कारापलीकडे आमचं कधी बोलणं नव्हतं. तिच्या हातात माझा डबा होता, फडक्यात गुंडाळलेला, गरम. आत शेंगदाण्याचं कोंबडी घातलेलं सूप होतं.

"तो लाडू मी खाल्ला," ती म्हणाली. "कुणाचा खुराक असतो ते चवीवरून कळतं. आमच्याकडे बाळंतिणीला हे सूप देतात."

मी तिला आत घेतलं आणि डबा टेबलावर ठेवला.

"थंडीच्या आधी जिन्यात तुझं पोट बघितलं होतं मी. नंतर दिसलं नाही. मुलगा होता की मुलगी?"

इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आईनेही नाही. नवऱ्याला माहीत होतं, पण तो शब्द काढत नव्हता.

"मुलगी," मी म्हटलं.

तिने मला खुर्चीवर बसवलं, डबा उघडला आणि चमचा हातात दिला.

"बाळंतीण आहेस तू. गरम आहे तोवर खा."