दाजींचा स्लॅग

सगळा कारखाना त्यांना दाजी म्हणायचा. बायकोचा धाकटा भाऊ तिथेच भट्टीवर कामाला होता. त्याने हाक मारली आणि तीच सगळ्यांच्या तोंडी बसली. वयाने मोठे असलेले क्रेनवालेही त्यांचे मेहुणे होऊन बसले होते.

मेहुणा भट्टीतलं वितळलेलं पोलाद लॅडलमध्ये, म्हणजे आतून विटांचं अस्तर दिलेल्या प्रचंड बादलीत, ओतायचा. पुढचं काम दाजींचं. चुना टाकायचा, खालून वायू सोडून पोलाद ढवळायचं आणि वर तरंगणाऱ्या स्लॅगकडून, म्हणजे वितळलेल्या मळीकडून, त्यातलं गंधक ओढून घ्यायचं. दाजी लोखंडी सळई स्लॅगमध्ये बुडवून काढायचे आणि चिकटलेला थर गार झाला की रंग बघायचे. पांढरा म्हणजे काम होतंय. काळा म्हणजे स्लॅगमध्ये अजून ऑक्सिजन आहे, तो गंधकाला जागा देणार नाही.

एका दुपारी सळई काळीकुट्ट निघाली. ओतताना भट्टीतच अडवायचा असतो तो स्लॅगही लॅडलमध्ये उतरला होता. दाजींनी ॲल्युमिनियम टाकलं, चुना वाढवला, पुन्हा सळई बुडवली. रंग हळूहळू निवळला, गंधकही उतरलं, पण तोवर पुढचं ओतकाम खोळंबलं. बैठकीत मॅनेजरने उशिराचं कारण विचारलं. दाजींनी ते सांगितलं. भट्टीवर कोण होतं, या प्रश्नावर ते कुणाकडे न बघता म्हणाले, "माझा मेहुणा."

मेहुण्याची बदली लॅडल-दुरुस्तीत झाली, विटा लावायला.

"तुम्ही गप्प बसला असतात तर काय आभाळ कोसळलं असतं?" बायकोने घरी विचारलं.

"मला विचारलं, मी सांगितलं."

मेहुणा घरी येईनासा झाला. बायको एकटीच माहेरी जाऊन येऊ लागली. दाजींना वाईट वाटायचं, पण आपलं चुकलं असं काही वाटायचं नाही.

वर्ष उलटल्यावर मेहुणा आपणहून दाजींच्या कामावर येऊन उभा राहिला. "दाजी, तुमचा स्लॅग माझ्या विटा खातोय."

दाजींना पटेना. मग दोघं एका गार झालेल्या रिकाम्या लॅडलमध्ये उतरले. स्लॅग जिथे टेकतो तिथे विटांना गोल फिरून खाच पडली होती. दाजींनी तीत बोटं घातली. ती मुळापर्यंत आत गेली. चुना वाढवायच्या नादात त्यांनी त्यासोबत टाकायचा मॅग्नेशिया कमी केला होता. विटाही मॅग्नेशियाच्याच होत्या, आणि स्लॅग तो विटांमधून ओरबाडून घेत होता.

"वर सांगू?" मेहुण्याने विचारलं.

"सांग. कुणाच्या हातून झालं तेही सांग."

त्याने सांगितलं. दाजींनी मॅनेजरची बोलणी मुकाट्याने खाल्ली आणि मॅग्नेशिया वाढवला. विटा टिकू लागल्या.

मेहुणा पुन्हा घरी येऊ लागला. पूर्वीची थट्टामस्करी मात्र परतली नाही. जेवताना दोघं विटांचं आणि चुन्याचंच बोलत बसायचे, आणि ताटातलं निवत चाललं की बायको म्हणायची, "आता जेवा."