दादाला सांगायचं राहिलं होतं

माझा दादा अलिबागेत इंग्रजी तिसरीपर्यंत शिकला. वडील गेले आणि त्याला शाळा सोडून होडीवर जावं लागलं. मग स्वतःची राहिलेली शाळा त्यानं माझ्या बोडक्यावर लादली. मी रेवदंड्याच्या मराठी शाळेत चौथी पास झाले होते; तिच्यापुढं इंग्रजी पहिली यायची. मला घरी शिकवून अलिबागच्या शाळेत थेट इंग्रजी दुसरीत बसवायचं, हा त्याचा हट्ट. कोळ्याच्या पोरीला इंग्रजी कशाला, म्हणून कोळीवाड्यात लोक हसायचे. हसू देत मेले.

दुपारी तो ओसरीवर फाटलेलं जाळं सांधायला बसायचा, मी पाटी घेऊन समोर. त्या 'हू' आणि 'व्हिच'नं माझं डोकं उठवलं होतं. तो दोन वाक्यं सांगायचा. ही होडी आहे. होडी समुद्रात जाते. आता जोड. मी दोन्ही होड्या तशाच ठेवायची. मग तो जाळ्याचे दोन तुकडे माझ्यापुढं धरायचा. "हे बघ बाय, फाटकं टोक आधी कापायचं, मग गाठ मारायची. दुसरी होडी काप. तिथं व्हिच बांध."

माणसाला हू, बाकी सगळ्याला व्हिच. मी विचारलं, "मासळीला?"

"व्हिच."

"आणि आपल्या मांजरीला?"

त्यानं जरा विचार केला. "तिला हू. ती घरातली हाय."

शाळेत हे चूक धरतात, ते मला पुढं कळलं. मी अजून मांजरीला हूच म्हणते.

दसऱ्यानंतर वादळ झालं. दादाची होडी उपडी सापडली. दादा सापडला नाही.

देह मिळाला नाही की आमच्यात दर्भाचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. काका सारखा तो विषय काढायचा. आई दाद द्यायची नाही. "पाण्यानं नेलाय, पाणीच आणंल. माझ्या पोराला जाळू नका." रोज ती त्याचं ताट वाढायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. काका चिडायचा, पोराचा जीव लटकत ठेवलायस म्हणायचा. मला दोघांचाही राग यायचा. दादाचा तर सगळ्यात जास्त.

पावसाळ्याआधी काकानंच मला अलिबागेला परीक्षेला नेलं. मास्तरांनी दिलेली वाक्यं मी जोडली. मग ते म्हणाले, आता एक मनानं सांग.

"आय हॅव अ ब्रदर हू टीचेस मी," मी म्हटलं.

मास्तर खूश झाले. मला दुसरीत घेतलं.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि लगबगीनं दाराकडं गेली, दादाला हाक मारायला. उंबऱ्यात थांबली. मग काकाला म्हणाली, "भटजींना बोलवा. पोर पास झाली, नि त्याला अजून कळलंबी न्हाय."

अंगणात पुतळा झाला. उचलायच्या वेळी आईनं सगळ्यांना थांबवलं आणि मला पुढं केलं. "सांग त्याला. इंग्रजीत सांग, बरं वाटंल त्याला."

मी वाकले. नारळाला कान कुठं असतो, ते मला कळेना. शेंडीच्या बाजूला तोंड नेऊन मी मास्तरांना सांगितलेलंच वाक्य म्हटलं. मला रडू आवरेना.

"ऐकलं त्यानं?" आईनं विचारलं.

मी म्हटलं, "व्हय."