सुशीलाबाई हरल्या त्याची गोष्ट

सुशीलाबाई वाघमारे वादात हरल्याचं अख्ख्या येरवड्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. पाहणार तरी कसं? सारी नोकरी रेशनिंग ऑफिसच्या खिडकीत गेलेली. समोर रांग, रांगेतला प्रत्येक जण चिडलेला, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटणारं. अशा खिडकीत आयुष्य काढलेल्या बाईला बोलण्यात कोण हरवणार? पण भांडखोर मात्र त्यांना म्हणायचं नाही हं. आवाज चढवायच्या नाहीत, वाकडा शब्द तर नाहीच. 'अहो', 'आपण', 'असं बघा' करत करत समोरच्याला अशा जागी नेऊन उभं करायच्या, की बिचारा स्वतःच 'बरोबर आहे तुमचं' म्हणून मोकळा व्हायचा.

एकच माणूस असा मोकळा होत नसे. तात्याराव कुलथे, सोसायटीचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त. दरवर्षी 'यंदा दुसरं कुणी बघा' म्हणायचे आणि दरवर्षी निवडून यायचे, कारण दुसरं कुणी बघतच नसे. सोसायटीच्या दोन इमारती समोरासमोर, मधे पार्किंग. तात्याराव 'अ' मध्ये दुसऱ्या मजल्यावर, सुशीलाबाई 'ब' मध्ये दुसऱ्याच मजल्यावर. गॅलरीत उभं राहिलं की तोंडासमोर तोंड.

करोना आला, मीटिंगा बंद झाल्या आणि वाद गॅलरीत आले. संध्याकाळचा चहा घेऊन दोघं बाहेर यायची, की दोन्ही इमारतींत खुर्च्या ओढल्याचे आवाज. टीव्हीवरही हाच विषय असायचा म्हणा, पण तिथे सगळे एकदम बोलायचे. इथे निदान ऐकू तरी यायचं.

"कामवाल्या बायकांना गेटबाहेर ठेवलंत, छान केलंत," सुशीलाबाई सुरुवात करायच्या. "पण ऑफिसच्या खोलीत दार लावून चार जण पत्ते खेळता, ते कोणत्या नियमात बसतं? विषाणूला एक्का-दुर्री समजते का?"

"आम्ही सगळे घरचेच आहोत."

"त्यालाही तेच हवंय. घरचेच."

मग खालून हसू. तात्याराव चहाचा घोट घेऊन सावरायचे आणि नेतृत्वावर यायचे. माणसं घाबरली की अध्यक्षाने धीर द्यायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. माणसं घाबरत नसतील तर अध्यक्षाने थोडं घाबरवायचं असतं, असं सुशीलाबाईंचं. खरं सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, पण हे दुसऱ्या कुठल्या गॅलरीतून बोलून दाखवायची कुणाची हिंमत नव्हती.

सुशीलाबाईंचे यजमान हिंमतराव नावाप्रमाणे नव्हते. नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झालेली. ठिणगी पडेल असं काही करायचं नाही, हा तिथला नियम ते घरीही पाळायचे. वाद रंगला की ते आत जाऊन भाजी निवडत बसायचे.

पहिली लाट सोसायटीने अशी गप्पांवर काढली. दुसरी मात्र तशी जाईना. एप्रिलात सायरन थांबेनात. बाबासाहेबांची जयंती वाघमाऱ्यांनी घरातच वंदना घेऊन केली, फोनवरून जय भीम घातले, आणि त्या फोनांतूनच कोण कोण गेलं ते कळत गेलं. त्याच आठवड्यात तात्याराव गॅलरीतून म्हणाले, "उगाच बाऊ करू नका. शंभरातले अठ्ठ्याण्णव घरी येतात. जातात ते दोन."

सुशीलाबाईंनी कप कठड्यावर ठेवला. "आपल्या सोसायटीत माणसं दीडशे. म्हणजे तीन झाली. बरं, अध्यक्ष, त्या तिघांची नावं आत्ताच सांगून टाका. बाकीचे निर्धास्त होतील."

कुणी हसलं नाही. एकेक खुर्ची आत गेली. तात्यारावही कप घेऊन आत गेले. सुशीलाबाईंना वाटलं, झाला, एकदाचा हाही माणूस निरुत्तर झाला. रात्री दोन घास जास्तच जेवल्या.

पुढे तात्याराव गॅलरीत दिसेनासे झाले. रुसले असतील, असं सगळ्यांनी धरलं. मग एका दुपारी त्यांच्या पत्नीचा, ललिताबाईंचा फोन आला. आवाज इतका बारीक की सुशीलाबाईंना आधी ओळखूच येईना.

"ताई, यांना ताप आहे. ऊन लागलं म्हणत होते. आता ऑक्सिमीटर अठ्ठ्याऐंशी दाखवतोय."

"अहो, मग हॉस्पिटल?"

"जायला तयार नाहीत. गेलो तर परत यायचो नाही म्हणतात. तुम्ही तिघांचं बोललात ना, त्या दिवसापासून स्वतःला त्यात धरून बसलेत. मला म्हणाले, पहिलं नाव माझंच." ललिताबाईंनी नाक ओढलं. मग म्हणाल्या, "आणि म्हणतात, ती बाई समोर उभी राहून बघेल मला नेताना. माझं सगळं खोटं ठरेल."

सुशीलाबाई फोन हातात घेऊन तशाच बसल्या. सगळ्यांना धीर देणारा हा माणूस आत इतका भेदरलेला असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. जिंकल्याचा जो आनंद झाला होता, तो आता घशाशी आला. मला काय गरज होती तेव्हा बोलायची, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या, आणि हिंमतराव आतून म्हणाले, "ते नंतर. आधी बेड."

मुलगा आनंद घरूनच आयटीचं काम करायचा. त्याने लॅपटॉप बाजूला सारला आणि फोन हाती घेतला. मांजरी गावापासून खडकीपर्यंत सगळ्या हॉस्पिटलांतून नाही-नाही ऐकत शेवटी एका ठिकाणी हो मिळालं. "आई, बेड आहे. ऑक्सिजनवाला. पण तासभरच होल्ड करतील. लाइन लागलीय मागे. अँब्युलन्स निघालीय."

ललिताबाईंनी पुन्हा विचारून पाहिलं. तात्याराव भिंतीकडे तोंड करून पडलेले, नाही म्हणाले. त्यांचा मुलगा अमेरिकेतून फोनवर ओरडून बघत होता, त्याचा फोन त्यांनी कापला.

सुशीलाबाई उठल्या. पदर सारखा केला आणि गॅलरीत आल्या. "ललिताताई, खिडकी उघडा," त्या समोर पाहून म्हणाल्या, "आणि त्यांना उठवून बसवा. मला अध्यक्षांशी बोलायचंय. सगळ्यांसमोर."

खुर्च्या ओढल्या गेल्या. समोरच्या खिडकीत तात्यारावांचं डोकं दिसलं, विस्कटलेलं, दाढी वाढलेली. सुशीलाबाई पुढे सरकल्या. त्यांनी कठडा घट्ट धरला.

"तात्याराव, माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

एवढं ऐकताच पहिल्या मजल्यावरच्या विजयमालाबाई गॅलरीतून अर्ध्या बाहेर आल्या. असं काही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"आपण म्हणालात, शंभरातले अठ्ठ्याण्णव घरी येतात. मी त्यातले दोनच उचलले आणि तिघांची नावं मागितली. अठ्ठ्याण्णवांची मागितली असती तर सोसायटीतली जवळजवळ सगळीच आली असती, आपल्यासकट. आपला हिशेब बरोबर होता. मी हरले."

तात्यारावांनी काहीतरी म्हटलं. आवाज पोचला नाही.

"पण एक अडचण आहे. आपल्यातलं कुणी जाऊन परत आलेलं या लोकांनी अजून पाहिलेलं नाही. माझ्या सांगण्याने ते कसं पटणार? तर आपण जाऊन या. वेळेवर गेलेला माणूस परत येतो, हे अध्यक्षांनीच दाखवायचं. गाडी येतेय, बेड आहे. आणि नाही गेलात," इथे त्या खाकरल्या, "तर मीच जिंकले, असं उद्यापासून रोज याच गॅलरीतून सांगेन. मला ओळखताच आपण."

मग खिडकीतलं डोकं नाहीसं झालं. सुशीलाबाईंना वाटलं, आडवा झाला परत, संपलं सगळं. तेवढ्यात ललिताबाई धावत गॅलरीत आल्या. "चपला मागताहेत," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

अँब्युलन्सपर्यंत तात्याराव गाडीबरोबर आलेल्या, पांढऱ्या पोशाखातल्या दोघांच्या आधाराने गेले. चढण्याआधी त्यांनी मान वर करून 'ब' इमारतीकडे पाहिलं आणि दोन बोटं वर केली. दोन म्हणजे ते दोन, की विजयाची खूण, हे कुणालाच कळलं नाही. सुशीलाबाईंनी हात जोडले.

पुढचे दिवस कसे गेले ते त्यांचं त्यांना माहीत. ललिताबाईंचा फोन वाजला की उचलायच्या आधी हिंमतरावांकडे बघायच्या. कुणाशीही वाद घालायच्या नाहीत. भाजीवाल्याने सांगितलेला भाव निमूट द्यायच्या, तेव्हा हिंमतरावांना खरी काळजी वाटली.

मे महिना अर्धा सरला आणि तात्याराव घरी आले. निम्मे राहिलेले, पण चालत आले. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसले. सगळी सोसायटी बाहेर.

"सुशीलाबाई," त्यांनी खोकत हाक मारली, "अठ्ठ्याण्णव."

"मान्य," सुशीलाबाई म्हणाल्या. "हरले."

त्यानंतर तात्यारावांनी जो भाव खाल्ला, त्याला तोड नाही. रोज तेच. मी कसा ताबडतोब निघालो, कसा एक क्षण दवडला नाही, अध्यक्ष कसा असावा. ताबडतोब म्हणे. सुशीलाबाई ऐकून घ्यायच्या. पण त्या ऐकवण्यामुळे झालं असं, की विजयमालाबाईंना कणकण आली तेव्हा त्यांनी लपवलं नाही. सरळ गॅलरीतून सांगितलं आणि त्याच दिवशी तपासणीला गेल्या. त्याही घरी आल्या. मग पुढे कुणी ताप लपवलाच नाही. पत्त्यांची खोली तात्यारावांनी आपणहून बंद केली. सुशीलाबाईंना नको असलेला अध्यक्ष अखेर हवा तसा वागायला लागला, आणि श्रेय सगळं त्याचंच.

आनंद एकदा चिडला. "आई, तू त्यांना एकदा सुनावत का नाहीस? सगळ्यांनी ऐकलंय ना. तू बोलली नसतीस तर ते उठलेच नसते."

"फुशारकी मारायला तो माणूस समोर बसलाय ना?" त्या म्हणाल्या. "मारू दे."

हिंमतराव शेवग्याच्या शेंगा सोलत होते. ते खाली बघतच म्हणाले, "इतकी वर्षं तुमच्याशी संसार केला. एकदा तरी 'हरले' ऐकावं म्हणून कान आसुसले होते माझे. आणि तुम्ही ते समोरच्या इमारतीला देऊन टाकलंत."

सुशीलाबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. त्यांच्या हातातली शेंग काढून घेऊन स्वतः सोलायला लागल्या. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"तशी वेळ आणलीत का तुम्ही कधी?" त्या म्हणाल्या. "आणूही नका."